‘धरा’ म्हणणाऱ्याचे पाप

नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील धर्मशिक्षण वर्गाची मुले आणि त्यांच्यासमवेत काही वडीलधारी मंडळी अशा एकतीस जणांना घेऊन आम्ही एक दिवसाच्या सहलीसाठी पुण्याला गेलो होतो. ठिकाण मुलांनीच ठरविले होते: शनिवारवाडा. चित्रपटात पाहिलेला पेशव्यांचा महाल त्यांना प्रत्यक्ष पाहावयाचा होता. वाशिंदहून पहाटेची लोकल, कल्याणला गाडी बदलणे, मग कर्जत आणि घाट, असा तो प्रवास. वाशिंदला आगगाडी आली १८५५ साली. कल्याणहून निघालेला लोहमार्ग तेव्हा येथेच येऊन थांबला होता, आणि पुढे आसनगाव-कसारा गाठण्यास त्याला आणखी पाच-सहा वर्षे लागली. ही माहिती आम्ही फलाटावर मोठ्या अभिमानाने मुलांना सांगितली. मुलांचे लक्ष डब्यांकडे होते. फिलोमिना मावशींनी पहाटे तीनला उठून केलेल्या भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी कल्याण येण्यापूर्वीच निम्मी संपली.

कर्जतला गाडीच्या मागे ढकलण्यासाठी इंजिने जोडली जातात, ते पाहण्यास सगळी मुले दारापाशी जमली. १८६३ साली हा बोरघाटाचा मार्ग खुला झाला. त्यापायी हजारो मजूर पटकी, ताप आणि दरडी यांना बळी पडले. गाडीचे कंत्राटदार कोण, अभियंता कोण, हे ग्रंथांत सापडते; मजुरांची नावे कोठेच नाहीत. बोगद्यात शिरताच मुलांनी आरोळ्या ठोकल्या आणि आमचे व्याख्यान तेथेच राहिले.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी मुले खरोखरच स्तब्ध झाली. दारांवरचे ते अणकुचीदार खिळे, वरचा नगारखाना, जाड तट. पण आत पाऊल टाकताच एका लहानग्याने आमचा झगा ओढून विचारले, “फादर, महाल कुठे आहे?” आत जोती आहेत, पायऱ्या आहेत, हिरवळ आहे, कारंज्याची रिकामी कुंडे आहेत, महाल नाही. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सात दिवस धुमसत होती, असे सांगतात. सागवानाचे ते सारे वैभव तिच्यात गेले. थोरल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, पाया घातला. दोन वर्षांनी वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये नोंदला आहे. एवढ्या सामर्थ्याचे एवढेच उरावे, यावर प्रवचन करण्याचा मोह कोणाही धर्मगुरूला होईल. आम्हांलाही झाला. परंतु सत्तेची क्षणभंगुरता हा विषय आपल्या लोकांना इतका पाठ आहे की तो सुरू होताच माणसे सावली शोधू लागतात.

आणि राजवाडा म्हणण्यातही थोडी खोच आहेच. पेशवे राजे नव्हते. राजे सातारला होते. हे त्यांचे पंतप्रधान. दुसऱ्याच्या नावाने हुकूम काढावयाचे आणि त्या हुकमांची जबाबदारी कोणाची हे मोघम ठेवावयाचे, ही सोय त्या वाड्याच्या पायातच होती, असे आता वाटते.

मुलांना खरी उत्सुकता होती ती ‘काका, मला वाचवा’ या हाकेची. अमावास्येच्या की पौर्णिमेच्या रात्री ती ऐकू येते यावर त्यांच्यात वाद होता. आम्ही त्यांना एका जोत्याच्या कडेला बसविले आणि घडले ते सांगितले.

थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊरला वारले. त्यांनी आपला धाकटा भाऊ नारायणराव काका रघुनाथरावांच्या हाती सोपविला होता. पेशवाईची वस्त्रे नारायणरावाला मिळाली. काका-पुतण्यांचे पटले नाही, आणि काही महिन्यांतच काका याच वाड्यात नजरकैदेत पडले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पगार थकलेले गारदी सुमेरसिंगाच्या म्होरकेपणाखाली वाड्यात शिरले. नारायणराव धावत काकांकडे गेला आणि त्यांच्या गळ्याला मिठी मारली. त्याचा सेवक चापाजी टिळेकर, हाती शस्त्र नसताना, त्याच्या अंगावर आडवा पडला. दोघेही मारले गेले. नारायणरावाचे वय अठरा वर्षांचे होते. वाड्याच्या पाच दरवाजांपैकी एकाला लोक आजही नारायण दरवाजा म्हणतात. त्याचे प्रेत त्या वाटेने बाहेर नेले असे सांगितले जाते.

मग ती अक्षराची गोष्ट. रघुनाथरावांनी गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘नारायणरावास धरावे’ असे होते, आणि कोणी ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावे’ केले. लोकांनी तो दोष आनंदीबाईंच्या माथी मारला. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ही गोष्ट नोंदविली आहे. पुढील संशोधकांनी तिच्याविषयी शंका घेतल्या आहेत. मराठीला मात्र त्या गोष्टीतून एक वाक्प्रचार कायमचा मिळाला.

आमच्या वर्गातील नववीतल्या एका मुलीने तेव्हा विचारले, “फादर, मग खुनी कोण? हुकूम लिहिणारे काका, अक्षर बदलणारी काकू, की तलवार चालविणारा गारदी?”

आम्ही म्हणालो, “तिघेही.”

“पण सारखेच?”

सेमिनरीत नीतिशास्त्राची तीन वर्षे काढलेल्या माणसास या प्रश्नाचे उत्तर तयार असावयास हवे. आम्ही घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, “जेवल्यावर बोलू.”

जेवताना आम्हांला त्या दिवसाचा आणखी एक माणूस आठवला. ग्रँट डफच म्हणतो की त्या दुपारी गारद्यांमधील चलबिचल पाहून नारायणरावाने हरिपंत फडक्यांना वाड्याचा बंदोबस्त करावयास सांगितले होते. हरिपंत आधी एका मित्राकडे जेवावयास गेले. हरिपंत दुष्ट नव्हते. पुढे रघुनाथरावाच्या विरुद्ध उभे राहिलेल्या बारभाईंत ते प्रमुख होते, आणि त्यांनी त्या राज्याची मोठी सेवा केली. पण त्या दिवशी जेवण आधी झाले आणि बंदोबस्त राहून गेला.

हातातील घास तसाच ठेवावा असे वाटले.

आपण अक्षर बदलण्याच्या गोष्टीवर इतके प्रेम का करतो, याचा विचार केला पाहिजे. तिच्यात एक मोठी सोय आहे. तिने काकांचे पाप अर्धे होते. काकांना फक्त धरावयाचे होते. मारणे हे दुसऱ्याच कोणाचे काम. आणि ती दुसरी एक बाई असल्याने समाजाला दोष देणे आणखी सोपे गेले. पण क्षणभर अक्षर बदललेच नव्हते असे धरू. हुकूम ‘धरावे’ असाच गारद्यांच्या हाती पडला. पगार थकलेली, संतापलेली, नंग्या तलवारी घेतलेली माणसे एका अठरा वर्षांच्या पोराला ‘धरावयास’ दिवसाढवळ्या वाड्यात शिरतात. तेथे काय होईल असे काकांना वाटले असेल?

संत थॉमस अक्वायनस यांनी हा प्रश्न फार स्वच्छ मांडला आहे. कृत्यातून एखादा परिणाम क्वचित, अपघाताने निघाला तर त्याचा भार कर्त्यावर तसा पडत नाही. परंतु तो परिणाम त्या कृत्याच्या स्वभावातूनच, बहुतेक वेळा निघणारा असेल, तर तो कृत्याच्या वाईटपणात भर घालतो, मग कर्त्याने तो मनाशी स्पष्ट उच्चारलेला असो वा नसो. या कसोटीवर ‘ध’ आणि ‘मा’ यांतले अंतर फार थोडे उरते. ग्रँट डफच्या वृत्तांतात आणखी एक तपशील आहे. पुतण्याने मिठी मारल्यावर काकांनी गारद्यांना थांबविण्याचा प्रयत्न केला, असे म्हणतात. सुमेरसिंगाने ऐकले नाही. एवढे पुढे आल्यावर मागे फिरणे म्हणजे त्याचा स्वतःचा मृत्यू होता. सोडलेला शब्द काकांच्या ताब्यात राहिला नव्हता.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांस येथे दुसरा एक वाडा आठवल्याशिवाय राहणार नाही. दावीद राजा संध्याकाळी आपल्या वाड्याच्या गच्चीवर फिरत होता. तेथून पुढची कथा सर्वांस ठाऊक आहे. उरियाला दूर करण्यासाठी दाविदाने सेनापती योवाबाला पत्र लिहिले, आणि ते खुद्द उरियाच्याच हाती पाठविले. त्या पत्रातही ‘उरियाला ठार करा’ असे वाक्य नव्हते. त्याला तुंबळ लढाईच्या तोंडाशी उभे करून मागे हटावे, म्हणजे तो पडेल, एवढेच होते. तलवार अम्मोनी लोकांची. निरोप आला तेव्हा दाविदाने लढाईत असे व्हायचेच या अर्थाचे उत्तर धाडले. नाथान संदेष्टा आला नसता तर दाविदाच्या दृष्टीने ते प्रकरण तेथेच संपले होते. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजाचेही तसेच. आर्चबिशप थॉमस बेकेट यांच्याविषयी तो दरबारात संतापून बोलला. चार सरदारांनी त्याचा अर्थ लावला. डिसेंबर ११७० मध्ये कँटरबरीच्या मंदिरात रक्त सांडले. चार वर्षांनी तोच राजा अनवाणी कँटरबरीला गेला आणि त्याने पाठीवर फटके घेतले. आपण मारा म्हटले नव्हते, हे त्याला त्या वेळी पुरेसे वाटले नसावे.

पुण्यात नाथानाचे काम रामशास्त्री प्रभुण्यांनी केले. (ते क्षेत्र माहुलीचे, साताऱ्याजवळच्या, आमच्या आसनगावच्या माहुली किल्ल्याशी त्यांचा संबंध नाही, हे येथल्या वाचकांसाठी.) त्यांनी चौकशी केली आणि शोध काकांपर्यंत नेला. रघुनाथरावांनी विचारले की आपल्याला प्रायश्चित्त काय? शास्त्र्यांनी देहान्त सांगितला, आणि असा पुरुष सत्तेवर असेतो पुण्यात पाय ठेवणार नाही म्हणून ते वाईकडे निघून गेले. त्यांचा निर्भयपणा शाळेत शिकवितात. आमचे लक्ष मात्र रघुनाथरावांच्या प्रश्नाकडे जाते. त्यांनी प्रायश्चित्त विचारले, म्हणजे त्यांना काही टोचत होते. उत्तर ऐकले. आणि मग ते राज्य करावयास निघून गेले.

त्या अर्ध्या शब्दाचा पुढचा प्रवास आपल्या दारापर्यंत येतो. बारभाईंनी हाकलल्यावर रघुनाथराव इंग्रजांकडे गेले. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली; मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई त्यांना लिहून दिली. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत आली, साष्टी आली नाही. ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतच्या ख्रिस्ती गावांची पुढची पावणेदोनशे वर्षे कोणाच्या अमलाखाली जावयाची, हे ठरण्यात शनिवारवाड्यातील त्या दुपारचा वाटा होता. ज्याने ‘धरावे’ म्हटले त्याच्या स्वप्नात तरी हे होते काय?

दुपारी आम्ही मंडळींना घेऊन क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चमध्ये गेलो. मुलांना ते वाड्याहून अधिक आवडले, कारण ते जळलेले नाही आणि बाहेर पाण्याचा नळ आहे. पेशव्यांच्या सैन्यातील कॅथलिक शिपायांसाठी या मंदिराला १७९२ साली जागा मिळाली, ती सवाई माधवरावांकडून. सवाई माधवराव हे त्या मारल्या गेलेल्या नारायणरावांचे पुत्र. पित्याच्या मृत्यूनंतर आठ महिन्यांनी, एप्रिल १७७४ मध्ये, पुरंदरावर जन्मलेले. जागा दिली तेव्हा त्यांचे वय अठरा होते. बापाला अठराव्या वर्षी ज्या वाड्यात कापले, त्याच वाड्यात राहून मुलाने अठराव्या वर्षी परधर्मीयांच्या प्रार्थनेसाठी जमीन दिली. ऑक्टोबर १७९५ मध्ये ते त्याच वाड्यातील वरच्या मजल्यावरून कारंज्यावर पडले आणि दोन दिवसांनी वारले. अपघात की आत्मघात, यावर मतभेद आहेत. काकांच्या शब्दाने बाप नेला. मुलाच्या एकाकी आयुष्यातही त्या शब्दाचा वाटा नव्हता असे कोण म्हणेल?

मंडळी बाकांवर विसावली होती. ती नववीतली मुलगी पुढच्या बाकावरून मागे वळून एकदा आमच्याकडे पाहून गेली. उत्तर अजून दिलेले नव्हते. तेथे बसल्या बसल्या आम्हांला जे आठवले ते लिहिण्यास बावीस वर्षे उशीर झाला आहे.

तेव्हा आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो आणि तेथील मुलांचे वसतिगृह आमच्या हाती होते. सातवीतला एक कातकरी मुलगा स्वयंपाकघरातून गूळ चोरताना दोनदा सापडला. बिशप महाशयांची भेट तीन दिवसांवर आली होती आणि आम्ही कामात बुडालो होतो. वसतिगृहाचे काम पाहणारा गृहस्थ तक्रार घेऊन आला. आम्ही कागदावरून मान वर न करता म्हणालो, “त्याला जरा नीट समज द्या.” तो दाराशी थांबला आणि त्याने विचारले, “नीट म्हणजे, फादर?” आम्ही म्हणालो, “तुम्हांला कळते की.”

त्याचा हात चटकन उठतो हे आम्हांला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला तो मुलगा नव्हता. पाठीवर वळ घेऊन तो रात्रीच पायी आपल्या वाडीकडे निघून गेला होता. तो परत शाळेत आला नाही. एका कानाने त्याला पुढे नीट ऐकू आले नाही, हे आम्हांला फार वर्षांनी कळले. त्या गृहस्थास आम्ही कामावरून काढले, आणि त्याबद्दल लोकांनी आमची प्रशंसा केली.

पापनिवेदनात आम्ही हे सांगितले नाही असे नाही. सांगितले. शब्द असे होते: माझ्या हाताखालच्या माणसाने एका मुलाला मारले आणि मी लक्ष दिले नाही. कर्तव्य न केल्याचे पाप म्हणून ते आम्ही मांडले. म्हणजे आम्ही स्वतःला हरिपंत फडक्यांच्या जागी बसविले. खरी जागा काकांची होती. ‘तुम्हांला कळते की’ या तीन शब्दांत हुकूम पुरा होता, आणि तो अपुरा ठेवण्याची खबरदारीही होती. धर्मगुरूने लेखात ‘आम्ही’ म्हणावे ही या पानांची रीत आहे, आणि येथे ती आम्हांला फार सोयीची पडते आहे, हे वाचकांच्या लक्षात आलेच असेल. ते वाक्य बोलताना त्या खोलीत आमच्याखेरीज दुसरे कोणी नव्हते.

दुसऱ्याच्या हातून घडलेल्या पापात वाटेकरी होण्याचे नऊ मार्ग सेमिनरीत पाठ करावे लागत: आज्ञा, सल्ला, संमती, स्तुती, आश्रय, सहभाग, मौन, अडथळा न करणे, उघड न करणे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथातही त्यांचा सारांश आहे. परीक्षेसाठी आम्ही ते घडाघड म्हणून दाखवीत असू. पण संत थॉमस ही यादी देतात ती कोठे? ती ते शिक्षेच्या प्रकरणात देत नाहीत. नुकसानभरपाईच्या प्रकरणात देतात. दोष कोणाचा किती टक्के, हे ठरविण्यासाठी ती केलेली नाही. जे गेले ते परत करण्यास कोण कोण बांधलेला आहे, हे तिचे प्रयोजन आहे. गूळ चोरणाऱ्या मुलाकडून गुळाची भरपाई आम्ही त्याच आठवड्यात हिशेबात मांडली होती. त्याच्या शाळेची आणि कानाची भरपाई कोणत्या वहीत मांडली?

परतीच्या गाडीत, लोणावळ्याच्या आसपास, आम्ही त्या मुलीस तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. हुकूम देणारा, बदलणारा आणि हात चालविणारा यांची पापे सारखी नसतात, हे खरे. पण हुकूम देणाऱ्याला ‘मी एवढेच म्हटले होते’ असे म्हणून सुटता येत नाही, असे आम्ही तिला सांगितले. तिने विचार केला आणि म्हणाली, “म्हणजे काकांनी नंतर काय करायला पाहिजे होते?” शेजारी बसलेले तिचे आजोबा म्हणाले, “झोप आता, फादर दमलेत.” ती चिक्कीचा पुडा उशाशी घेऊन झोपली. कल्याणला कसाऱ्याच्या लोकलसाठी बराच वेळ थांबावे लागले. थंडी होती. वाशिंदला उतरलो तेव्हा मुले मोजली. एकतीस जण भरले.

तो मुलगा आता पस्तिशीकडे झुकला आहे, मुरबाडच्या पलीकडच्या एका वाडीत त्याचे घर आहे, इतके आम्हांला ठाऊक होते. काही वर्षांपूर्वी मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर तो दिसला होता. त्याने ओळखले आणि आम्हीही ओळखले, आणि आम्हांला गाडीची घाई होती. हा मजकूर संपादकांकडे पाठविण्यापूर्वी आम्ही त्या वाडीत जाऊन आलो. तो घरी नव्हता. पावसाळ्यापर्यंत वीटभट्टीवर असतो. दाराला कुलूप नव्हते, कारण आई आत होती. तिने आम्हांला नाव विचारले, ते सांगितल्यावर थोडा वेळ पाहत राहिली, मग तांब्यात पाणी आणून दिले. भट्टी कोणत्या बाजूला आहे हे तिने हाताने दाखविले. तेथे जाण्यास ओढ्यापलीकडून पायवाट आहे. मोटारसायकल पुढे जात नाही.